खोका भरेपर्यंत

पर्लिताच्या आईने स्वतःच्या मरणाची तयारी अगदी लग्नाच्या हौसेने करून ठेवली होती. दफनाची जागा ठरलेली. शवपेटीवर ठेवायचा फोटो काढून चौकटीत बसवलेला, तोही वीस वर्षांपूर्वीचा, कारण त्यात गाल भरलेले होते. जागरणाला कोणती बिस्किटं आणायची आणि ज्यांच्याशी बोलचाल नाही त्यांनाही कॉफी द्यायची की नाही (द्यायची, पण साखर कमी घालून), इथपर्यंत सगळं धाकट्या डेलियाला तोंडपाठ करायला लावलं होतं. राहिला होता तो फक्त अंगावरचा कपडा.

आणि तो विकतचा चालणार नव्हता. नानाय, म्हणजे आई, फिलिपिन्समधल्या मियागाओ गावातली जुनी विणकर. साठ वर्षं तिने हातमागावर दुसऱ्यांच्या लग्नाबारशांचं कापड विणलं. तिची स्वतःची आई गेली तेव्हा मात्र घरात धड कपडा नव्हता, म्हणून शेजारणीचा निळा झगा मागून आणावा लागला. त्या शेजारणीने पुढची बारा वर्षं जाता-येता ऐकवलं, "माझ्या झग्यात गेली हो तुझी आई. वर काय ऐटीत मिरवत असेल!" नानायने ते ऐकून घेतलं, करते काय बिचारी, पण मुलींना बजावून ठेवलं, "मला काहीही घाला, पण उसनं घालून पाठवू नका. मी उठून बसेन."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन, तिने शेवटचं कापड विणलं. सायीच्या रंगाचं, काठाला सोनेरी बारीक रेघ. पाच मीटरला सात महिने लागले. विणलं खरं, पण सुईत दोरा काही ओवता येईना. गावात शिंपिणी होत्या, पण त्यांच्यावर भरवसा नव्हता. थोरली पर्लिता चौदा वर्षं बहरैनमध्ये मनामाला अबाया, म्हणजे तिथल्या बायकांचे काळे पायघोळ झगे, शिवत होती. श्रीमंत बायकांचे अबाये तिच्या हातून जातात, तर आईचा झगा नाही का जाणार? गावातली एक सून मनामाला कामाला निघाली होती. तिच्या पिशवीतून कापड आलं. मियागाओ ते मनामातली कुदैबियाची गल्ली, चार दिवस. हे चार दिवस लक्षात ठेवा.

पर्लिताने झगा मार्चअखेर शिवून तयार केला. दुकानाची मालकीण उम्म बद्र हिने जेवणाच्या सुट्टीत मशीन वापरू दिलं, आणि शिवून झाल्यावर शिवण उलटून पाहत म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकांना असं कधी शिवून दिलं नाहीस ते!" आतल्या घडीत पर्लिताने पाचही भावंडांची नावं बारीक टाक्यांनी घातली होती. लहानपणी गेलेल्या भावाचंसुद्धा.

तिच्या खोलीत वरच्या पलंगावर राहणारी लुझ तेव्हाच म्हणाली होती, "आते, माझी मावसबहीण रोवेना एप्रिलमध्ये घरी जातेय. तिच्याकडे दे. हातपिशवीत मावेल." आते म्हणजे ताई. लुझ तशी पर्लिताहून चारच वर्षांनी लहान, पण आते म्हटलं की रागावताना बरं पडतं.

"वेडी का काय तू?" पर्लिता म्हणाली. "नुसता झगा पाठवू? म्हातारीने पिशवी उघडायची आणि आत काय, तर स्वतःचं मरणाचं वस्त्र! दुसरं काही नाही! तिला वाटेल, पोरगी वाटच बघून बसलीय."

"तिनेच तर मागितलाय."

"मागितला म्हणून काय झालं? असं कोणी पाठवतं का? खोक्यातून जाईल. नीट, सगळ्यांच्या मधोमध."

आता खोका म्हणजे काय, हे ज्याच्या घरातलं कोणी परदेशी आहे त्यालाच कळेल. फिलिपिनो माणूस आखातात असो नाहीतर आणखी कुठे, त्याच्या खोलीत कोपऱ्यात एक भलामोठा खोका उघडा असतोच. पगार झाला की त्यात साबणाच्या वड्या पडतात, पुढच्या महिन्यात मटणाचे डबे, मग टॉवेल, चॉकलेट, कॉफी, टूथपेस्ट. घरून कागदावर पेनाने पाऊल रेखून येतं आणि त्या मापाच्या सपाता बाजारातून येतात. प्रत्येक वस्तूवर ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी. आणि गच्च भरल्याशिवाय खोका बंद होत नाही. बोटीने जाणाऱ्या खोक्याचं भाडं वजनावर नसतं, खोक्यावर असतं. मग मोकळी जागा पाठवायची म्हणजे हवा पाठवायची. घरी खोका उघडताना सगळी गल्ली जमते. आत पोकळ निघालं तर लोक काय म्हणतील?

पर्लिताने झगा मऊ कागदात गुंडाळला, चिठ्ठी लावली, "नानाय". खाली टॉवेल, वर टॉवेल, मध्ये झगा. एप्रिलमध्ये खोका अर्धा भरला होता. मे महिन्यात पाऊण. जूनमध्ये वर वीतभर जागा उरली, तर डेलियाने कळवलं की भाच्याचा पाय दोन अंगुळं वाढलाय, सपाता बदल. पर्लिताने सपाता बदलल्या. मग कोपऱ्यांतून मोजे कोंबले. सपातांच्या आत चॉकलेटं कोंबली. लुझ वरच्या पलंगावरून बघत बसायची.

"आते, आता फक्त तू स्वतः आत बसायची राहिलीस."

"बसले असते गं," पर्लिता म्हणाली. "भाडं तेच."

जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी खोका बंद झाला. दोन गुंडाळ्या चिकटपट्टी लागली. न्यायला डिंडोची गाडी आली. हा डिंडो दर शुक्रवारी चर्चच्या फाटकाशी पत्रकं वाटत उभा असायचा. गोल चेहरा, गळ्यात क्रॉस, सगळ्यांचा कुया, म्हणजे दादा. कोणाच्या पोराची परीक्षा कधी, कोणाच्या सासऱ्याचं पोट कसं आहे, सगळं त्याला ठाऊक. गल्लीच्या तोंडाशी त्याचं छोटंसं कार्गोचं दुकान होतं.

"साठ दिवस, आते पर्लिता," त्याने पावती फाडून दिली. "फार तर सत्तर. नानायला सांगा, बाजूच्या घरांतून कात्री मागून ठेवा म्हणावं, तुमची चिकटपट्टी काय साधी दिसत नाही." पावतीवर आत काय आहे त्याचा रकाना होता. त्यात त्याने नेहमीसारखं लिहिलं, "कपडे, किराणा."

तिने नानायला फोनवर सांगितलं, "निघाला गं तुझा झगा."

"कसा झालाय?"

"बघशीलच की."

"आता मला बघायला कुठे दिसतंय? हाताने चाचपून बघेन," नानाय म्हणाली. "पण तोवर मी मरायची नाही हो. सांगून ठेवते."

म्हातारीने शब्द पाळायचा पुष्कळ प्रयत्न केला.

सप्टेंबर संपला. पावतीवरचा नंबर फोनमध्ये टाकला की एकच ओळ यायची, "गोदामात मिळाला." कोणतं गोदाम, कधी, काही नाही. ऑक्टोबरमध्ये पर्लिता दुकानात गेली तर डिंडोने पुढ्यात कॉफी ठेवली. बंदरात गर्दी आहे. ख्रिसमसचा मोसम आहे, सगळ्या जगाचे खोके एकदमच निघालेत. मनिलात वादळ येऊन गेलं. "तुमचा खोका म्हणजे माझ्या आईचा खोका, आते," असं म्हणून त्याने छातीवर हात ठेवला. पर्लिता बाहेर पडली तेव्हा उलट तिलाच ओशाळल्यासारखं झालं. चांगल्या माणसाला उगाच टोचलं, असं.

पुढच्या खेपेला दुकानाला कुलूप होतं. दारावर चिठ्ठी, "दुपारच्या जेवणाला गेलो आहे." त्यानंतर दोन आठवडे ती चिठ्ठी तिथेच होती. बाहेर दहा-बारा जणी रोज उभ्या असत, प्रत्येकीच्या हातात पावती. त्यांतली एक म्हणाली, "केवढं जेवतो मेला!" सगळ्या हसल्या. हसण्यापलीकडे हातात होतं काय?

पण मेसेजला डिंडो उत्तर द्यायचा. प्रत्येक वेळी नवा नंबर, पण उत्तर गोड. "आते, धीर धरा. कंटेनर समुद्रात आहे." त्या उत्तरांनीच घात केला. सरळ नाही म्हणाला असता तर माणसाने रडून-ओरडून दुसरा मार्ग धरला असता.

नोव्हेंबरात नानायने अंथरूण धरलं. पर्लिताचा व्हिसा नेमका नूतनीकरणाला गेला होता. त्याच्या आधी देश सोडला तर परतीचं दार बंद, आणि चार भाच्यांच्या शाळा तिच्या मशीनवर चालत होत्या. ती जाऊ शकत नव्हती. ती दिवसभर काळ्या कापडावर काळे टाके घालायची आणि जेवणाच्या सुट्टीत एकेका दारी जायची.

पोलीस ठाण्यात तरुण शिपायाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, दुकानाचा परवाना कोणाच्या नावावर आहे? परवाना निघाला एका बहरैनी म्हाताऱ्याच्या नावावर, बू यूसुफच्या. लुझ आणि ती त्याच्या घरी गेल्या. त्याने खजूर पुढे केले, कहवा दिला, आणि हात वर केले. "मुली, मी फक्त नाव दिलं. त्याच्या धंद्यातलं मला काय ठाऊक? माझेसुद्धा तो फोन उचलत नाही." तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. निदान भांडायला कोणीतरी मिळायला हवं होतं.

शेवटी वकिलातीत. काचेपलीकडची पोरगी तिच्याच भाषेत बोलणारी, हळू आवाजाची. तिने अर्ज पुढे केला. हरवलेल्या वस्तूंची यादी लिहा. पर्लिताने सगळं बाजूला ठेवून एवढंच लिहिलं, "एक झगा."

"पावतीवर तर नुसतं कपडे, किराणा आहे, आते."

"हो. सगळे तसंच लिहितात."

"नवा की वापरलेला?"

पर्लिताने पेन खाली ठेवलं. मागे रांग लागली होती.

"म्हणजे, रकाना आहे म्हणून विचारते," पोरगी म्हणाली.

"अजून नाही वापरलेला," पर्लिता म्हणाली. पोरीने मग तो रकाना कोराच ठेवला.

नानाय डिसेंबरच्या तीन तारखेला गेली. डेलियाचा फोन दुपारी आला. पर्लिता मशीनवर होती. डेलिया नुसती श्वास घेत राहिली, आणि पर्लिताला कळलं. शेवटचं काय बोलली, तर म्हणे आदल्या दिवशी विचारलं, "खोका आला का?" डेलियाने आला म्हणून सांगितलं. मग म्हातारीने हात पुढे केला. आता हातात काय द्यायचं? डेलियाने चादरीचं टोक दिलं. म्हातारीने ते बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "हे माझं नाही." साठ वर्षं विणलेल्या बोटांना कोण फसवणार?

त्यांच्याकडे प्रेत लगेच पुरत नाहीत. घरातच ठेवतात, लोक येतात, पत्ते खेळतात, जागतात. परदेशातल्या पोराबाळांसाठी आठवडाभरही थांबतात. पोर येऊ शकत नसलं म्हणून काय, झग्यासाठी थांबू, असं डेलियाने ठरवलं.

"आते, दुसरा शिव," दुसऱ्या दिवशी लुझ म्हणाली. ती दुकानात येऊन मशीनशेजारी उभी राहूनच बोलत होती. "कापड मी आणते. रोवेना ख्रिसमससाठी येत्या रविवारी पुन्हा घरी जातेय. तिच्याकडे देऊ. नक्की पोचेल."

"तिचं कापड नाही ते."

"नसू दे. तुझ्या हातचं तर असेल. उसनं तर नसेल!"

पर्लिता उठली. लुझचं बरोबर होतं. दोघी बाजाराकडे निघाल्या आणि तेवढ्यात फोन वाजला. सकाळी तिने डिंडोला एकच ओळ पाठवली होती, "माझी आई गेली. झगा त्यात आहे." त्याचं उत्तर आलं होतं. "आते, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. आजच निरोप आलाय, कंटेनर मनिलाला उतरला. सहा दिवसांत घरपोच. मी स्वतः तुमचा खोका आधी काढायला सांगितलंय. देवाशपथ."

ती रस्त्यात उभी राहून ते चार वेळा वाचत राहिली. लुझ म्हणाली, "आते, हा माणूस थापाड्या आहे. चल." पण आईच्या नावावर, देवाची शपथ घेऊन, मेलेल्या माणसाबद्दल कोणी खोटं बोलेल का? पर्लिताला ते पटेना. खरं सांगायचं तर तिला ते पटवून घ्यायचंच नव्हतं. नानायने सात महिने अंधारात विणलेलं कापड मनिलाच्या बंदरावर आलंय आणि आपण इथे दुकानातलं कापड फाडून घ्यायचं? तिने डेलियाला फोन केला, "सहा दिवस थांबा."

थांबले. रविवारी रोवेना रिकाम्या हाताने विमानात बसली. सहाव्या दिवशी डिंडोचा फोन लागला नाही. सातव्या दिवशी लागला नाही. आठव्या दिवशी डेलिया हलक्या आवाजात म्हणाली, "आते, आता नाही गं थांबता येणार. लोक खिडकीशी बसायला लागलेत." पर्लिताने आणखी एक दिवस मागितला. नवव्या दिवशी सकाळी पाद्री आले.

झगा मिळाला. त्याच शेजारणीच्या मुलीने न मागता आणून दिला, फिकट गुलाबी, दंडांत ढगळ. पाठीमागून टाचण्या लावून बसवला. मुलगी भली होती, एक शब्द बोलली नाही. तिने काही ऐकवलं असतं तरी चाललं असतं. डेलियाने फोन शवपेटीच्या काचेवर धरला. हातांत जपमाळ होती. पाठोपाठ कोणी जाऊ नये म्हणून तिचा दोरा मधोमध कापलेला. काचेवर अश्रू पडू द्यायचे नसतात, मेलेल्याची वाट जड होते. डेलियाने दुसऱ्या हाताने तोंड धरून ठेवलं होतं. पर्लिताचे अश्रू तिथवर थोडेच पडणार होते! पण तीही रडली नाही. डोळे ताणून त्या गुलाबी बाह्यांकडे बघत राहिली. नानाय उठून बसली नाही. बसली असती तर बरं झालं असतं.

जानेवारीच्या मध्यावर त्या पावतीवाल्या बायकांपैकी एकीने मेसेज पाठवला. सलमाबादच्या कारखान्यांच्या वस्तीत एक गोदाम उघडलंय. भाडं थकलं म्हणून मालकाने कुलूप तोडलं. आत खोकेच खोके. या आणि आपापले ओळखून न्या, शनिवारनंतर बाहेर टाकतील.

लुझ आणि पर्लिता भाड्याची छोटी गाडी घेऊन गेल्या. वळणावर गाडी वळली आणि पर्लिताने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारला. "थांबव. इथून कुठे नेतोस?"

"गोदाम हेच ना, मॅडम. निळं शटर."

शटरसमोर तेलाचं गंजकं पिंप होतं, त्यावर एक पिवळं मांजर झोपलेलं. पर्लिता त्या मांजराला ओळखत होती. तिच्या दुकानाचे अबाये कशिद्याला जायचे ते याच गल्लीच्या टोकाच्या कारखान्यात. दर मंगळवारी दुकानाच्या व्हॅनमधून गठ्ठे घेऊन तीच यायची. जुलैपासून जानेवारीपर्यंतचे सगळे मंगळवार. कधी पोळीचा तुकडाही टाकला होता त्या मांजराला.

"समुद्रात आहे म्हणाला होता," ती लुझला म्हणाली. "वादळ आलं म्हणाला होता."

लुझच्या तोंडून अशा शिव्या बाहेर पडल्या की ड्रायव्हरने, भाषा येत नसूनही, मान खाली घातली.

आत भिंतीपर्यंत खोके रचलेले. राखण करणारा येमेनी म्हातारा, अम्म सालेह, म्हणजे सालेहकाका, खुर्चीवर बसून पावत्या बघत होता. पर्लिताने त्याला विचारलं, "हे पाठवलेच का नाहीत? पैसे तर सगळ्यांनी भरले होते."

"कंटेनर भरला नव्हता, बाई," तो म्हणाला. "भाडं अख्ख्या कंटेनरचं असतं. एकशेऐंशी खोके झाले की सोडतो म्हणायचा. एकशेचाळीसवर अडला. आणखी चाळीस येईपर्यंत थांबू म्हणाला, मग ते पैसेच कुठेतरी खर्च झाले. मग तो पळाला. अर्धवट भरलेला कंटेनर कोण पाठवतं? तोटा होतो."

पर्लिताने भिंतीला हात टेकला. खोका अर्धा, खोका पाऊण, वर वीतभर जागा. एप्रिल, मे, जून. रोवेनाची हातपिशवी. दुसऱ्या कोणाला बोल लावायचा?

तिचा खोका खालच्या ओळीत होता. एक कोपरा दबलेला, पण चिकटपट्टी जशीच्या तशी. वर तिच्याच अक्षरात मियागाओचा पत्ता. दोघींनी तो ओढून गाडीत चढवला. घरी परत यायला पंचवीस मिनिटं लागली.

खोलीत तिने तो उघडला. टॉवेल काढला आणि मऊ कागदातला झगा बाहेर घेतला. एक सुरकुतीसुद्धा नव्हती. सहा महिने गच्च भरलेल्या खोक्यात, साबणाचा वास लागून, झगा अगदी सुखरूप होता. "नानाय" लिहिलेली चिठ्ठी तेवढी सुटून खाली पडली.

फोनवर डेलियाने झगा पाहिला. मग म्हणाली, "सुंदर झालाय गं. आता इकडे नको पाठवू, आते. इथे तो बघवणार नाही. बाकीचं पाठव. पोरं विचारतात."

पर्लिताने झगा पलंगाच्या दांडीला, कपड्यांच्या आड टांगला. बाकीचं सगळं पुन्हा खोक्यात भरलं. भाच्याच्या सपाता आता नक्कीच लहान होणार होत्या, तरी भरल्या.

शुक्रवारी दुसऱ्या कार्गोचा माणूस आला. हाही चांगलाच होता, हसतमुख, आल्याआल्या दोघींची चौकशी करणारा. पावती फाडण्याआधी त्याने खोक्यावर मधोमध तळहात दाबला. पुठ्ठा आत गेला.

"आते, इथे पोकळ लागतंय," तो म्हणाला. "वर दुसरे खोके आले की बसेल. भरा की काहीतरी, भाडं तेच आहे."

लुझने सवयीने खुर्चीवरचा टॉवेल उचलला. पर्लिताने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"नको. आहे तसा घेऊन जा. आत्ता. आजच्या आज."

"अहो, पण एवढी कसली घाई आहे?" माणूस हसला. "कंटेनर भरल्याशिवाय निघणार थोडाच! सावकाश भरा. मी पुढच्या शुक्रवारी परत येतो."

घाई तर आता खरंच कसलीच नव्हती. पर्लिता तिथेच खोक्यावर बसली, टॉवेल तोंडाला लावला आणि जुलैपासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. तिच्या वजनाने पुठ्ठा मधोमध खाली गेला. कार्गोवाला बावरून लुझकडे बघायला लागला. लुझने त्याला पावती फाडायची खूण केली.